सुधारित अहवाल: शून्य

रुग्णाचे नाव

धर्मराज हिरू तांडेल. वय ६८. पुरुष. राहणार सारसोळे गाव, नेरूळ. आहार: असा रकाना फॉर्मवर नाही. असता तर पुढचं निम्मं टळलं असतं.

तपासणारी

बुशरा मुकादम, वरिष्ठ तंत्रज्ञ. राहायला खांदेश्वर, नोकरी वाशीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत तिच्या नावावर एकही चूक नव्हती, आणि त्याचा तिला जरासा अभिमान होता.

खरं तर त्या लॅबमध्ये कुणाच्याच नावावर चूक नव्हती. रिसेप्शनच्या मागे भिंतीवर एक पांढरा फलक होता. त्यावर तीन ओळी: आजचे नमुने, वेळेत दिलेले अहवाल, सुधारित अहवाल. पहिल्या दोन ओळींपुढचे आकडे रोज सकाळी मार्करने लिहायचे आणि संध्याकाळी पुसायचे. तिसऱ्या ओळीपुढचं शून्य ऑइल पेंटचं होतं. फलक करायला टाकला तेव्हाच मालकीणबाई, म्हणजे डॉक्टर सोनल मॅडम, यांनी पेंटरकडून ते काढून घेतलं होतं. तीन वर्षं ते भिंतीवर चमकत होतं.

नमुना (पोपटने लिहिला तसा)

घरी जाऊन घेतला. वेळ सकाळी साडेसात. जांभळ्या टोपणाची नळी एक, पिवळ्या टोपणाची नळी एक. अडचण: नाही.

पोपट म्हणजे घरोघर जाऊन रक्त घेणारा लॅबचा जुना माणूस. बावन्न वर्षांचा, हात इतका हलका की म्हाताऱ्या माणसांना सुई टोचून झाली तरी कळायचं नाही. 'अडचण' या रकान्यात त्याने आजवर 'नाही' सोडून दुसरा शब्द लिहिला नव्हता.

दोन टोपणांचं जरा सांगायला हवं. जांभळ्या नळीत तळाशी औषध असतं. त्यात रक्त गोठत नाही. ती पेशी मोजायला. पिवळ्या नळीत उलट, रक्त गोठू द्यायचं. अर्धा तास नळी उभी ठेवायची, गुठळी धरू द्यायची, मग यंत्रात गरगर फिरवायची. रक्त गोठवणारं प्रथिन गुठळीत अडकून खाली राहतं आणि वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. प्रथिनं मोजायची ती या पाण्यात.

लॅबच्या संगणकात प्रत्येक नमुन्यापुढे 'नमुना योग्य' असा चौकोन होता. त्यात बरोबरची खूण आधीच असायची. नमुना अयोग्य वाटला तर खूण काढायची. बुशराने ती अकरा वर्षांत दोनदा काढली होती. दोन्ही वेळा नळी फुटली होती.

चाचणी

सीरममधून वीज सोडली की त्यातली प्रथिनं आपापल्या चालीने पळतात, आणि कोण किती पुढे गेलं याचा आलेख पडद्यावर येतो. नाव लांबलचक आहे, इलेक्ट्रोफोरेसिस. लॅबमध्ये सगळे 'इलेक्ट्रो' म्हणायचे. आलेखात सुरुवातीला एक उंच सुळका असतो, तो अल्ब्युमिनचा. मग लहानलहान टेकड्या, आणि शेवटी एक पसरट उतार. बुशराला तो आलेख पारसिकच्या डोंगरासारखा वाटायचा. रोजचाच, त्यामुळे न बघता दिसणारा.

धर्मराज तांडेलांच्या आलेखात शेवटच्या उताराच्या तोंडाशी एक टोक होतं. अरुंद आणि ताठ. डोंगरउतारावर बिल्डरने एकच टॉवर उभा करून सोडावा तसं.

तिने मॅडमना बोलावलं.

"रिपीट कर," मॅडम म्हणाल्या.

तिने त्याच नळीतलं पाणी पुन्हा लावलं. टॉवर जागचा हलला नाही.

"दोनदा आलं म्हणजे कन्फर्म," मॅडम म्हणाल्या. बुशरालाही ते पटलं. एकाच साक्षीदाराला तोच प्रश्न दोनदा विचारला की दोन साक्षी होतात, असा त्या लॅबचा रिवाज होता.

निष्कर्ष

एकूण प्रथिनं ७.६. अल्ब्युमिन ३.९. बीटा आणि गॅमा यांच्या मध्ये ०.४ ग्रॅमचा संशयास्पद पट्टा. रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

निष्कर्षाचा अर्थ

रक्तविकारतज्ज्ञांनी अर्थ लावला तो असा: म्हातारा माणूस, कंबर दुखतेय, हिमोग्लोबिन कमी, त्यात हा पट्टा, म्हणजे आलेखातला तो टॉवर. हाडांच्या मगजातला कॅन्सर असू शकतो. कंबरेच्या हाडात जाड सुई घालून मगज काढून बघू. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारची.

धर्मराजच्या बायकोने, पुतळाकाकीने, अर्थ लावला तो असा: रक्तात प्रोटीन जास्त झालंय. तिने औषधाच्या दुकानात विचारलं, प्रोटीन कशात असतं? दुकानदार म्हणाला, मासे, अंडी, मटण, डाळी, दूध. काकीने त्या संध्याकाळी ते सगळं बंद केलं. ज्या घरात तीन पिढ्या खाडीवर जगल्या, ज्या माणसाने अडुसष्ट वर्षांत म्हावऱ्याशिवाय दुपार बघितली नव्हती, त्याच्या ताटात भात आणि दुधीभोपळा आला. सकाळी दुधीचा रस, दुपारी दुधीची भाजी, संध्याकाळी दुधी उकडून.

एक सांगायलाच हवं. पट्ट्याचं प्रथिन खाण्यातून येत नाही. पण हे वाक्य अहवालात नव्हतं आणि डॉक्टरांना वाटलं ते सांगायची गरज नाही.

तक्रार

सुईच्या आधीच्या गुरुवारी पुतळाकाकी लॅबमध्ये आली. एपीएमसी मार्केटमधून घाऊक भावाने घेतलेल्या दुधीची गोणी तिने रिसेप्शनच्या काउंटरला टेकवून ठेवली.

"ती पट्टा काढनारी कोन हाय?"

बुशरा बाहेर आली. "मी काढत नाही हो काकी. दिसला तेवढा सांगते."

"मंग आता परत बघून सांग. सोला दिस झाले, बाय. म्हावरं बंद, अंडं बंद, डाल पन बंद. निसता दुधी. मानूस भिताडाकडं तोंड करून निजतो. बोलत नाय. काल बोलला तर काय बोलला? सुईनं मरेन का दुधीनं, तेवढं इचारून ये."

"मासे बंद करायला कुणी सांगितलं?"

"तुमच्या कागदानं. प्रोटीन जास्ती!"

बुशराला आधी हसू आलं, मग आलं ते थांबलं. "काकी, त्याचा माशांशी संबंध नाही. आणि परत बघायचं तर परत रक्त द्यावं लागेल."

"नाय देनार तो. तवा पन तुमच्या पोपटला बोलला, दोन थेंब घे नि चालू पड. त्यानं एक बाटली भरली, दुसरीत जरासंच आलं. हा हात मागं घेऊन बसला. मंग पोपटनं काय केलं, जांभल्या टोपनाची बाटली उघडली नि पिवल्या टोपनाच्या बाटलीत वतली. दोनी बरोबर दिसायला लागल्या. मी मनात बोलली, मानूस हुशार हाय. आमी पन टोपली वर भरलेली दिसावी म्हनून खालून पाला लावतो."

काउंटरवरचा पंखा फिरत होता. बुशरा त्याच्याकडे बघत राहिली.

"काय झाला गो?"

"काही नाही. बसा काकी. चहा घ्या."

"दूध असतं त्यात," काकी म्हणाली. "मी पन सोडलंय त्याच्यासंगं."

नमुना (सुधारित)

पोपट पॅन्ट्रीत डबा उघडत होता.

"पोपटदादा, सारसोळेचे तांडेल. जांभळ्यातलं पिवळ्यात ओतलंत?"

"कोण बोललं?"

"ओतलंत का?"

"अगं, तो माणूस कोयता घेऊन बसला नव्हता एवढंच! परत सुई मारली असती तर मला खाडीत फेकला असता. आणि रक्त त्याचंच होतं ना? दुसऱ्याचं थोडीच ओतलं?" पोपटने झाकण पुन्हा लावलं. "वीस वर्षांत माझं एक पण सॅम्पल परत घ्यायला लागलं नाही, बुशरा. विचार कुणाला पण."

बुशराने विचारलं नाही. ती फ्रीझरकडे गेली. पट्टा सापडलेले नमुने तिथे महिनाभर ठेवलेले असायचे. तांडेलांची कुपी तिने काढली, वितळू दिली आणि दोन साध्या चाचण्यांना लावली. जांभळ्या नळीतलं औषध रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि स्वतःसोबत पोटॅशियम आणतं, हे ती पहिल्या वर्षी शिकली होती.

कॅल्शियम आलं २.१. पोटॅशियम मोजपट्टीच्या बाहेर.

या आकड्यांवर माणूस जगत नाही. यंत्राच्या मते धर्मराज तांडेल रक्त घेतलं त्या सकाळी साडेसातलाच गेले होते, आणि त्यानंतर पोपटला शिव्या देत होते.

म्हणजे नळीत सीरम नव्हतंच. रक्त गोठलं नव्हतं, गोठवणारं प्रथिन तसंच वर पाण्यात राहिलं होतं, आणि आलेखावर ताठ उभं होतं ते तेच. टॉवर कॅन्सरचा नव्हता. तो तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या अंगात असतो. फक्त त्याला तिथे यायचं आमंत्रण नसतं.

आणि संगणकात त्या नमुन्यापुढे 'नमुना योग्य'ची खूण होती. खाली नाव: बुशरा मुकादम.

वरिष्ठांचा शेरा

"बुधवारी ऑडिट आहे," सोनल मॅडम म्हणाल्या. "मान्यतेचे परीक्षक येतायत. तुला माहितीये ना?"

"सोमवारी त्यांच्या हाडात सुई जाणार आहे मॅडम."

"मग फ्रेश सॅम्पल घे. मी कुठे नाही म्हणते? नवीन सॅम्पल, नवीन नंबर, नवीन रिपोर्ट. पट्टा नसेल तर नाही म्हणून जाईल. झालं! जुन्याला हात कशाला लावायचा? जुना रिपोर्ट खोटा नाहीये. त्या नळीत पट्टा होताच."

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर ते फार वाईट होतं. पण निदान नवा नमुना घ्यायला हो म्हणाल्या, एवढ्यावर बुशराने मान डोलावली. आपलं नावही त्या जुन्या अहवालावर आहे, तो तसाच राहिला तर आपणही तशाच राहू, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही.

नमुना क्रमांक दोन

शुक्रवारी सकाळी बुशरा स्वतः सारसोळेला गेली. जेट्टीकडे जाणाऱ्या गल्लीत, चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर धर्मराज भिंतीकडे तोंड करून पडले होते. वरचे तीन मजले भाड्याने होते, आणि तिन्ही मजल्यांवरून तळलेल्या माशांचा वास खाली येत होता.

"काका, एकदाच टोचते."

"तो पन तेच बोलला होता."

"त्याने एकदाच टोचलं, तीच तर चूक झाली."

धर्मराज वळले. "म्हंजे?"

बुशराने सांगितलं. टोपणं, नळ्या, सगळं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. शेवटी इतकंच म्हणाला, "भर. पायजे तेवरा भर."

तिने पिवळी नळी भरली आणि स्टीलच्या पेल्यात उभी करून त्यांच्या समोर स्टुलावर ठेवली.

"आता काय?"

"आता अर्धा तास काही नाही. गोठू द्यायचं."

"नि तोवर?"

"बसायचं."

दोघं नळीकडे बघत बसली. धर्मराजने जन्मात आपलं रक्त असं थांबून पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांनी पेला हळूच कलंडवला. "जड झालाय," ते म्हणाले. वीस मिनिटांनी पुन्हा कलंडवला. आतलं हललं नाही. "जालं बग! मासली जालीत बसली की असंच वाटतं हाताला."

पुतळाकाकी आतून दुधीचा रस घेऊन आली. बुशरालाही एक पेला. ती प्यायली. सोळा दिवस हे पिणाऱ्या माणसाला कॅन्सर नसला तरी काहीतरी नक्की झालेलं असणार, असं तिला वाटलं.

निष्कर्ष क्रमांक दोन

पट्टा नाही. उतार पसरट आणि मोकळा. एकूण प्रथिनं ६.१. अल्ब्युमिन ३.३, मर्यादेपेक्षा किंचित कमी. आहारात प्रथिनांचे प्रमाण वाढवावे.

शेवटचं वाक्य संगणक आपणहून घालायचा. अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली गेलं की यायचंच.

निष्कर्ष क्रमांक दोनचा अर्थ

शनिवारी दुपारी रक्तविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यातून फोन आला. तिथल्या सहायक डॉक्टर प्रिया बोलत होत्या.

"एकाच पेशंटचे तुमचे दोन रिपोर्ट आहेत. एकात पट्टा आहे, एकात नाही. कुठला धरायचा?"

"नवा," बुशरा म्हणाली.

"का? जुन्यात काही चूक होती का?"

सोनल मॅडम काचेच्या केबिनमधून बघत होत्या. त्यांनी बोट ओठावर नाही ठेवलं. नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नवाच बरोबर आहे," बुशरा एवढंच म्हणाली.

"तसं रिपोर्टवर लिहिलेलं नाही ना," डॉ. प्रिया म्हणाल्या. "सर म्हणतात, दोन रिपोर्ट जुळत नाहीत म्हणजे संशय वाढला. आता तर सुई घालायलाच हवी. सोमवार नऊची वेळ ठेवतोय."

बुशराने फोन ठेवला. दुसरा, बरोबर असलेला अहवाल दिला नसता तर सुई जाणार होती. तो दिला म्हणून तर आता नक्कीच जाणार होती. दोन्ही कागदांवर तिची सही होती आणि दोन्ही वेळेत दिलेले होते.

ती केबिनमध्ये गेली.

"मॅडम, जुना सुधारावा लागेल."

"बुधवारनंतर सुधार."

"सोमवारी नऊ वाजता आहे."

"एका बायोप्सीने माणूस मरत नाही, बुशरा."

"नाही मरत. पण आपल्या नळीमुळे कशाला?" बुशरा उभीच होती. "पोपटदादांचं नाव नाही घालत. खूण माझी होती, मी माझं घालते."

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला आणि कीबोर्ड जवळ ओढला. काही बोलल्या नाहीत. त्या लॅबमध्ये याला परवानगी म्हणत.

सुधारित अहवाल

संगणकात 'सुधारित' हे बटण होतं, पण तीन वर्षांत कुणी दाबलं नव्हतं. बुशराने दाबलं तर त्याने आधी विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? मग पुन्हा विचारलं. मग कारण निवडायला तीन पर्याय दिले: नावात चूक, वयात चूक, इतर. 'इतर'पुढे साठ अक्षरांची जागा.

तिने तीनदा लिहून पाहिलं. पहिल्यांदा ते शंभराच्या वर गेलं, त्यात रक्त गोठण्यावर निबंध होता. दुसऱ्यांदा 'तांत्रिक कारणास्तव' असं आलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. तिसऱ्यांदा:

*नमुना सीरम नव्हता. पट्टा खोटा. मी पाहिलं नाही. — बु. मुकादम*

सुई रद्द झाल्याचा फोन तासाभरात आला. हिमोग्लोबिन कमी होतं ते साध्या लोहाच्या कमतरतेने, त्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

मग ती मार्कर घेऊन फलकासमोर गेली. ऑइल पेंट पुसला जाईना. शून्याच्या डावीकडे एक लिहिला असता तर दहा झाले असते. म्हणून तिने तो उजवीकडे लिहिला: ०१.

ऑडिट

बुधवारी परीक्षक आले. फलकासमोर उभे राहिले.

"सुधारित अहवाल एक?"

सोनल मॅडम पुढे झाल्या. "सर, मानवी चूक होती. संबंधित कर्मचाऱ्याला समज दिलीये."

"ते राहू दे. तीन वर्षं, चाळीस हजार नमुने, आणि एकच?" परीक्षकांनी वही उघडली. "बाकीच्या चुका कुठे आहेत?"

मॅडमनी बुशराकडे बघितलं. बुशराने पोपटकडे. पोपट फलकावरच्या शून्याकडे बघत होता.

रुग्णाचा अभिप्राय

त्याच संध्याकाळी बुशराने सुधारित अहवालाची प्रत सारसोळेला नेऊन दिली. धर्मराज खुर्चीत बसले होते. समोर ताटात कोलबीचं कालवण, तळलेले बोंबील. दुसऱ्या अहवालातलं शेवटचं वाक्य काकीने टीव्हीच्या वर चिकटवलं होतं: आहारात प्रथिनांचे प्रमाण वाढवावे.

"उतरला की नाय पट्टा!" काकी म्हणाली. "मी आख्ख्या गावात सांगितलंय. सोला दिस दुधी. दोन बायका आल्या इचारायला, कोवला घ्यायचा का जून."

बुशराला तसंच निघून जाता आलं असतं. माणूस जेवत होता, बाई खूश होती, सुई टळली होती. तिने कागद पुढे केला.

"उतरला नाही, काकी. नव्हताच. पहिल्यापासून नव्हता. हे बघा, लिहून दिलंय."

काकीने कागद घेतला नाही. धर्मराजने घेतला. बोटाने एकेक शब्द दाबत वाचला. बोंबील हातातच राहिला.

"म्हंजे मी सोला दिस दुधी फुकट खाल्ला?"

"हो काका," बुशरा म्हणाली. "फुकट."

"फुकट कसा?" काकी ओरडली. "मानूस बसलाय ना समोर, जिवंत?"

धर्मराजने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कागदाची घडी घालून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग बोंबलाचा तुकडा मोडला.

"तुजं नाव लिवलंस, ते बरं केलंस," ते म्हणाले. "पन वतला त्यानं. त्या पोपटला रयवारी जेवायला पाठव."

"काका, त्यांना काही बोलू नका हां. मुद्दाम नाही केलं त्यांनी."

"बोलनार नाय. आपला मानूस हाय." त्यांनी कोपऱ्याकडे मान वळवली. एपीएमसीची गोणी अजून निम्मी भरलेली होती. "निसता वाढनार."